माळावरच्या नळाची पाळी

लातूर
९ फेब्रुवारी १९८६

ती. अण्णास, धाकट्या शिवकांताचा शरणार्थ.

तुमचं संक्रांतीचं पत्र पोचलं. उमावहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडं आम्ही मजेत. गिरणीत तुरीची आवक चांगली आहे, हे सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात.

आज मुद्दाम लिहायला बसले ते पाण्यासाठी. लातूरला जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. कलेक्टर कचेरी आली, कोर्ट आलं, क्वार्टर बांधून झाले, शिकवणीच्या क्लासला खेड्यापाड्यांतली पोरं येऊन राहिली. माणूस वाढला, नदी तेवढीच राहिली, आणि पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलेलं. आमच्या मोहल्ल्यात तीन दिवसांआड नळ येतो. आमचं भागतं, अंगणात हौद आहे. मी लिहिते ते मल्लम्मासाठी.

मल्लम्मा म्हणजे आमच्या गिरणीत डाळ निवडायला येते ती. बहात्तरच्या दुष्काळात निलंग्याकडून आली आणि इथलीच झाली. रेल्वेच्या रुळापलीकडं नवा माळ म्हणून वस्ती झालीय, तिथं राहते. वस्ती उंचावर, आणि सगळ्यांना मिळून एकच नळ. त्याला संक्रांतीपासून थेंब नाही. बायांनी माळाच्या पायथ्याला खड्डा खणून पाइपाचा जोड मोकळा केलाय आणि त्यातनं वाटीवाटीनं पाणी भरून राहिल्यात. शेजारून गटार वाहतं. मी स्वतः बघून आले. मल्लम्माची लेक बसम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, तीही तेच पाणी पिते.

अण्णा, तुम्ही पाण्याच्या खात्यातले इंजिनिअर. माळावर पाणी चढवायला काय करावं लागतं तेवढं सांगा. कुणाला भेटायचं तेही सांगा, मी जाईन.

तुमची
शिवकांता


नांदेड
२० फेब्रुवारी १९८६

चि. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

उमाचा गुडघा बरा आहे, गुरुद्वाऱ्यापर्यंत पायी जाऊन आली.

तू विचारलंस ते सोपं, पण करायला अवघड. पाणी उंचावर चढायला दाब लागतो. टाकीपासून माळ लांब आहे. मधे जितके नळ एकाच वेळी उघडे, तितका दाब कमी. म्हणून लातूरसाठी आता पाण्याच्या पाळ्या लावल्या जात आहेत. शहराचे भाग पाडायचे, एका वेळी एकाच भागाची झडप उघडायची, बाकीच्या बंद. प्रत्येक भागाला सारखा वेळ. बाजारपेठ असो नाहीतर माळ, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. हिशेबानं पाणी माळापर्यंत पोचायला हवं. ज्यांच्याकडे हे काम आहे ते विचार करूनच करत आहेत, एवढं मी सांगू शकतो.

तोवर तो खड्डा बुजवायला सांग. पाणी उकळून प्यायला सांग, बसम्माला तर नक्कीच. नदी आटत चालली आहे, उन्हाळा जड जाईल, पण घाबरून जाऊ नकोस.

आमच्या मेव्हण्यांना, महादेवप्पांना, माझा शरणार्थ सांग. बाजारात त्यांच्याइतका सरळ माणूस मला दुसरा माहीत नाही.

विरूपाक्ष


लातूर
१८ मार्च १९८६

ती. अण्णास शरणार्थ.

पाळ्या लागल्या. तुम्ही म्हणालात तसंच, सगळ्यांना सारखा वेळ. पहिली बाजारपेठ, मग आमचा जुना मोहल्ला, मग क्वार्टर, आणि सगळ्यांत शेवटी माळ.

माळाच्या पाळीला मी मुद्दाम गेले होते. बाया फजरपासून, उजाडायच्या आधीपासून, घागरी लावून बसलेल्या. झडप उघडल्याचं खालून कुणीतरी ओरडून सांगितलं. नळानं नुसता वारा सोडला. सूंऽ असा आवाज आला, थोडं लालसर पाणी आलं, आणि पाळी संपली. कुणी भांडलं नाही. भांडण्याइतकं पाणीच नव्हतं. सगळ्या उठल्या आणि पायथ्याच्या खड्ड्याकडं चालायला लागल्या. खड्डा बुजवा म्हणून मी सांगितलं होतं. मल्लम्मा म्हणाली, “बुजिवतो की बाई. मग काय पिऊ तेबी सांगा.” उकळायचं म्हटलं तर सरपण कुठाय.

बसम्माला मुलगी झाली. मल्लम्मानं माझ्या तोंडात साखर घातली. तिथं जमलेल्या बाया मला विचारायला लागल्या, ही पाळी कुणी लावली, त्याला एक डाव हितं उभं करा. मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ नांदेडला मोठा इंजिनिअर आहे, त्याला बोलावते. त्यांना इतकं बरं वाटलं की मला भरून आलं.

तेव्हा अण्णा, एक दिवस या. हे म्हणतात, अण्णांना असल्या भानगडीत ओढू नकोस. पण मी शब्द देऊन बसलेय.

शिवकांता


नांदेड
२६ मार्च १९८६

चि. शिवकांतास आशीर्वाद.

मार्चअखेरची कामं आहेत, इतक्यात येणं जमणार नाही. नवी पद्धत बसायला थोडा वेळ लागतोच. माळासाठी टँकर मंजूर झाल्याचं कळलं आहे. बसम्माच्या मुलीला आशीर्वाद.

ज्यांनी पाळ्या लावल्या त्यांच्याविषयी लोकांपुढे फार बोलू नकोस. तेही कात्रीत असतात.

विरूपाक्ष


लातूर
११ एप्रिल १९८६

अण्णा,

बसम्मा गेली.

परवा सकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, बोलणं तुटलं. हातगाड्यावर घालून दवाखान्यात नेली. तिथं माळावरची आणखी माणसं होती, खाटा पुरेनात म्हणून खाली सतरंजीवर निजवलेली. सलाईन लावलं, पण शीर सापडेना. मी पोचले तेव्हा मल्लम्मा लेकीचे पाय चोळत होती. पाय गार झाले होते, तरी चोळत होती. बाळ माझ्याकडं दिलं. ते माझ्या पदराशी तोंड नेऊन दूध शोधायला लागलं. मी काय करू, अण्णा?

टँकर आलाच नव्हता असं नाही. आला, तो पायथ्याशीच उभा राहिला, वर चढेना. ज्याच्या अंगात जोर त्यानं भरून घेतलं.

काल मी पाण्याच्या ऑफिसात गेले. माळावरच्या बाया बाहेर थांबल्या. आतल्या साहेबांनी मला मानानं खुर्ची दिली. मी म्हटलं, तुम्ही ऐकत नसाल तर माझे भाऊ विरूपाक्ष नांदेडहून तुम्हाला विचारतील. ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, “बाई, ही पाळी तुमच्या भावांनीच लावलीय. आम्ही नुसत्या चाव्या फिरवतो.”

मी तिथनं कशी उठले मला माहीत नाही. बाहेर बाया वाट बघत होत्या. साहेब जागेवर नाहीत असं काहीतरी मी त्यांना सांगितलं.

“ज्यांच्याकडे हे काम आहे ते.” “तेही कात्रीत असतात.” दोन पत्रं लिहिलीत आणि दोन्हींत स्वतःला असं परकं केलंत. मी तुमचं नाव घेऊन त्या बायांना धीर देत होते.

शिवकांता


नांदेड
१७ एप्रिल १९८६

शिवकांता,

तुझं पत्र आधी उमानं वाचलं. तिनं माझ्यापुढे ठेवलं आणि आत निघून गेली.

काम माझंच. तुला सांगितलं नाही, कारण लातूरमधला प्रत्येक ओळखीचा माणूस आपल्या गल्लीसाठी दोन घागरी जास्त मागेल अशी मला भीती होती. त्यात तुलाही धरलं. तू माळासाठी मागत होतीस, स्वतःसाठी नाही, हे तेव्हा मला दिसायला हवं होतं.

सारखा वेळ म्हणजे सारखं पाणी नव्हे. खालच्या भागात तेवढ्या वेळात हौद भरून वाहतात. माळाच्या वाट्याचा वेळ नुसता रिकामा पाइप भरण्यात जातो. माळ मी नकाशावर पाहिला होता, पायांनी चढलो नव्हतो. हे मी माझ्या वरिष्ठांनाही लिहून कळवलं आहे.

पण आणखी एक गोष्ट आहे, ती नीट वाच. माळाच्या पाळीला टाकीतून जेवढं पाणी सुटतं, त्यातलं निम्मंसुद्धा रुळापर्यंत पोचत नाही. पाइप फुटलेला नाही, माणसं पाठवून पाहिलं. याचा अर्थ बाजारपेठेत कुणीतरी मुख्य पाइपालाच मोटारी जोडल्या आहेत. एक-दोन नव्हेत, बऱ्याच. आणि मोटार नुसतं पाणी चोरून थांबत नाही. ती ओढायला लागली की पुढचा पाइप रिकामा पडतो आणि जिथं जोड उघडा असेल तिथून बाहेरचं पाणी आत खेचतो. माळाच्या पायथ्याशी जोड उघडा आहे आणि शेजारी गटार आहे. गटार पाइपात शिरलं ते असं. बसम्माच्या पोटात तेच गेलं.

बाजारपेठेत तुमची गिरणी आहे. कुणाच्या आवारात पाळी नसताना मोटार चालते, तुमच्या कानावर असेलच. नावं कळव. तुझं नाव कुठं येणार नाही.

विरूपाक्ष


लातूर
२६ एप्रिल १९८६

ती. अण्णास शरणार्थ.

पत्र मिळालं. ऊन फार पडलंय. माहेरून, उदगीरहून, अव्वाचा निरोप होता, तिकडं किल्ल्याच्या बाजूला विहिरींना अजून पाणी आहे म्हणे. आंब्याला यंदा मोहर कमीच होता, लोणच्याला कैऱ्या मिळतील असं वाटत नाही. मल्लम्मा अजून कामावर आलेली नाही. बाळाला शेजारची एक बाई पाजते.

बाजारातलं मला काय ठाऊक असणार. बायामाणसं कुणाच्या गिरणीत जातात? तुम्हीच शोधा.

शिवकांता


नांदेड
३ मे १९८६

चि. शिवकांतास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात राग दिसला नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. असो.

परवानगी मिळाली आहे. येत्या बारा तारखेला, सोमवारी, मी माणसं घेऊन लातूरला येतोय. बाजारपेठेतला मुख्य पाइप उकरून एकेक जोडणी पाहायची. बातमी फुटली तर मोटारी आदल्या दिवशी निघतील आणि आमची पाठ फिरली की परत बसतील. म्हणून फक्त तुला लिहितोय. दुपारी जेवायला तुमच्याकडे येईन. महादेवप्पांना आयत्या वेळी सांग, भावाला धपाटे हवेत म्हणून. त्यांच्यासारखा माणूस सोबत उभा राहिला तर बाजार बिथरणार नाही.

विरूपाक्ष


लातूर
८ मे १९८६

ती. अण्णास,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आमच्या शेजारचे वीरण्णा नांदेडच्या एसटीनं तिकडं येऊन राहिलेत, त्यांच्या हातात देते.

सोमवारी जेवायला येऊ नका. आधी आमच्या गिरणीत या.

तुमचं एप्रिलमधलं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी डबा द्यायचं निमित्त काढून मी गिरणीत गेले. तूर भिजवायच्या हौदामागं टरफलांची पोती रचलेली असतात. त्यांच्या आडोशाला मोटार होती. त्या दिवशी माळाची पाळी होती आणि मोटार चालू होती. मी हात लावून बघितला. पाइप थंडगार होता, आत पाणी धावत होतं.

अण्णा, लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या गिरणीच्या जिवावर जेवतेय. मी गप्प घरी आले.

तुम्हाला कैऱ्यांचं पत्र लिहिलं ते त्याच आठवड्यात. ठाऊक असून लिहिलं. मग यांना विचारलं. जेवायला बसले होते. ते चिडले नाहीत. शांतपणानं म्हणाले, “सगळ्या बाजारानं बसवल्यात. मी एकट्यानं काढली तर एकटी माझीच गिरणी बंद पडंल. मग मल्लम्मासारख्या बाया कुठं जातील, सांग.” मी म्हटलं, बसम्मा कुठं गेली? पाइपात गटार कसं शिरतं ते तुम्ही मला जसं समजावलंत तसं मी त्यांना समजावलं. ते ऐकत राहिले. ताटातलं तसंच ठेवून उठले. मला वाटलं, सकाळी काढतील. सकाळीही चालूच होती.

सोमवारचं मी त्यांना बोललेली नाही. घरातल्या माणसापासून असं लपवायची मला सवय नाही, दिवस सरत नाहीत.

तुम्ही इतर मोटारी आधी काढल्यात आणि आमची मागं राहिली, तर लोक म्हणतील बहिणीची सोडली. मग कुणीही ऐकणार नाही. म्हणून आमची पहिली काढा. मागच्या दारानं आत या, हौदाच्या डाव्या हाताला.

शिवकांता


नांदेड
१९ मे १९८६

चि. शिवकांतास,

सोमवारी तुझ्या दारावरून गेलो, पण आत आलो नाही. तू खिडकीत होतीस, मी पाहिलं. मान वर करायचं धाडस झालं नाही.

गिरणीत काय झालं ते महादेवप्पा तुला सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो. माझ्यासोबत माणसं, पहारी, पंचनाम्याचा कारकून. त्यांनी आम्हाला मागच्या दारातून येताना पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. तरी आधी माझ्यासाठी खुर्ची मागवली. मग म्हणाले, “बहिणीच्या घरापासनंच सुरुवात केली का?” मी मान हलवून “हाव” म्हणालो. आमच्या माणसांनी पोत्यांना हात घातला तर त्यांनी थांबवलं. एकेक पोतं स्वतः उचलून बाजूला केलं. मोटार उघडी पडली तेव्हा गिरणीतल्या बाया काम थांबवून बघत होत्या. ते त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो. तो क्षण मला फार जड गेला.

पण तुझं म्हणणं खरं ठरलं. साहेबांनी मेव्हण्याची मोटार काढली ही बातमी आमच्या पुढं धावली. आम्ही पुढच्या गिरण्यांत पोचलो तेव्हा कितीतरी ठिकाणी नुसते ओले खड्डे होते, मोटारी मालकांनीच उचललेल्या. जिथं नव्हत्या उचलल्या तिथं आम्ही तोडल्या आणि जोडण्या शिसं ओतून बंद केल्या. दोन ठिकाणी धक्काबुक्की झाली, माझा चष्मा गेला. त्याचं काही नाही.

संध्याकाळी माळावर पायी गेलो. उघडा जोड आमच्या माणसांनी बंद केला. बाया बाजूला सरून उभ्या राहिल्या. एकीनं मल्लम्माचं घर दाखवलं. दार उघडं होतं. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी दारात उभा राहून माझं नाव सांगितलं आणि पाळी मी लावली होती हेही सांगितलं. तिनं मान हलवली. मला बसा म्हणाली नाही.

पाळ्या आता उलट्या लावल्या आहेत. टाकी भरलेली असताना पहिली पाळी माळाची, आणि वेळही जास्त. मग क्वार्टर, मग जुना मोहल्ला, सगळ्यांत शेवटी बाजारपेठ. तुझ्या नळाला आता दिवसचे दिवस पाणी येणार नाही, हे मला माहीत आहे.

बाजाराचं शिष्टमंडळ वरपर्यंत जाऊन आलं. काल माझ्या बदलीचा हुकूम आला. किनवट. पाळ्यांचा कागद मात्र अजून कुणी बदललेला नाही.

विरूपाक्ष


लातूर
८ जून १९८६

ती. अण्णास शरणार्थ.

किनवटचा पत्ता उमावहिनींनी कळवला. माझ्यामुळं त्यांना या वयात घर उचलावं लागलं.

यांनी त्या सोमवारी संध्याकाळी मला एकच विचारलं. “अण्णांना मोटारीचं कुणी सांगितलं?” मी म्हटलं, मी. त्यांनी अंथरूण उचललं आणि गिरणीत झोपायला गेले. तेव्हापासून तिकडंच. जेवायला येतात, ताटावर बसतात, उठतात. मी वाढते. बाजारात त्यांच्याशी कुणी नीट बोलत नाही. बायकोनं घर फोडलं असं तोंडावर म्हणतात, आणि हे ऐकून घेतात. मला वाटलं होतं रागावतील, मारायला उठतील. त्यापेक्षा हे वाईट आहे.

गिरणी बंद आहे. तूर भिजवायला पाणी नाही. निवडणाऱ्या बायांना काम नाही. माळावर नळाला पाणी येतं, चांगलं धारेनं येतं, पण चुली थंड आहेत. एक बाई मला रस्त्यात म्हणाली, “पानी दिलं आन् भाकर नेली.” मी घरी आले आणि लिहायला बसले. अण्णा, आपण बरोबर केलं ना? मला दुसरं कुणी विचारायला नाही म्हणून तुम्हाला विचारते.

तुमच्या जागी नवे साहेब आलेत. बाजारातले लोक त्यांना भेटून राहिलेत. पाळ्या परत पहिल्यासारख्या होणार असं ऐकते.

शिवकांता


किनवट
२४ जून १९८६

चि. शिवकांतास आशीर्वाद.

इथं जंगल आहे, पाऊस मात्र इथंही नाही. आश्रमशाळेचे हातपंप दुरुस्त करत फिरतोय. उमा तुझ्यावर रागावलेली नाही. ती म्हणते, नांदेडला ओटा उंच होता, इथला बरा आहे.

बरोबर केलं का, ते मला सांगता येत नाही. एवढं सांगतो, मी पाणी वाटलं पण काम कुठून येईल याचा विचार केला नाही. अर्धंच काम केलं.

राहिलेलं अर्धं तुम्हाला करता येईल. सगळं शहर एका नदीला आणि एका पाइपाला टांगून ठेवलं की नदी आटली की सगळेच एकमेकांच्या तोंडातलं काढायला लागतात. नळ आले तेव्हा लातूरनं आपल्या विहिरी फरशा टाकून झाकल्या. तुमच्या गिरणीच्या आवारात शिवप्पांनी, तुझ्या सासऱ्यांनी, खणलेली विहीर आहे. मी ती पाहिली आहे. खडक फोडून आणखी खाली गेलं तर तूर भिजवण्यापुरतं, वापरण्यापुरतं पाणी नक्की लागेल. पिण्याला नळ, वापराला विहीर. बाजारातल्या सगळ्या विहिरी अशा उघडल्या तर नळाचं पाणी माळासाठी मोकळं राहील आणि गिरण्याही चालतील. गाळ काढायला माणसं लागतील, त्यांना रोजगार मिळेल. महादेवप्पांना हे पत्र वाचायला दे. माझ्याशी बोलू नका म्हणावं, पण विहिरीचं ऐका.

आणि पाळीचं म्हणशील, तर ती साहेबाच्या कागदावर टिकत नाही. झडपेची चावी फिरते तिथं टिकते. तिथं कुणी बघायला बसलं असेल तर नवे साहेबही विचार करतील.

विरूपाक्ष


लातूर
२७ जुलै १९८६

ती. अण्णास शरणार्थ.

पत्राला उशीर झाला, कारण विहिरीला पाणी लागल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तुमचं पत्र मी यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी जेवण होईपर्यंत बघितलं नाही. मग वाचलं, घडी घालून खिशात घातलं आणि गेले. दोन दिवसांनी गिरणीतनं पहारींचा आवाज यायला लागला. विहिरीवरची फरशी काढली होती. माळावरच्याच गड्यांना आणि बायांना गाळाला लावलं. स्वतः काठावर उभे. आधी नुसता वास, मग चिखल, मग खडक. खडक फोडायला माणसं आणली. ज्या दिवशी झरा लागला त्या दिवशी हे घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, “गोड हाय पाणी.” अडीच महिन्यांत माझ्याशी बोललेलं तेवढंच. अंथरूण अजून गिरणीतच आहे. पण त्यांनी भिंतीबाहेर, रस्त्याच्या बाजूला, वापराच्या पाण्याचा एक नळ काढलाय. त्याबद्दल मी काही बोलले नव्हते. आता आणखी दोन गिरण्यांनी फरशा उचलल्यात.

झडपेपाशी आता पाळीच्या दिवशी बाया बसतात. माळावरच्या चौघी, क्वार्टरमधल्या एक मास्तरीणबाई, आणि मी. नव्या साहेबांनी एकदा पाळी फिरवायला माणूस पाठवला होता. आम्ही उठलो नाही. मास्तरीणबाई त्याला म्हणाल्या, साहेबांनाच येऊन चावी फिरवू दे. ते आले नाहीत. पुढं येतील, बाजार गप्प बसणार नाही. पाऊस अजून नाही. रोज सकाळी उठल्यावर पहिली भीती तीच वाटते, आज पाळी फिरवतील का.

आमच्या घरच्या नळाला पिण्याचं पाणी नव्हतं. हौद कोरडा पडला. काल माळाची पाळी होती, म्हणून घागर घेऊन मी वर गेले. गिरणीवाल्याची बायको घागर घेऊन निघालेली बघायला रुळापर्यंत पोरं मागं आली.

रांग मोठी होती. मल्लम्मा नळापाशी उभी राहून नंबर लावत होती. बाळ झोळीत. विहिरीच्या पाण्यावर गिरणी सुरू झाली, पण ती कामाला परत आली नाही, तुम्हाला लिहायचं राहिलं. बाकीच्या आल्या, ती नाही. मी तिच्याजवळ गेले आणि इतके दिवस जे सांगायचं टाळत होते ते सांगितलं. म्हटलं, मल्लम्मा, ती मोटार आमची होती. बसम्मा आजारी पडली तेव्हा चालू होती.

ती नळाकडंच बघत राहिली. म्हणाली, “ठाऊक हाय. साहेब दारात आले त्याच्या आधीच गिरणीतल्या बायांनी सांगितलंवतं.” मग पुढच्या बाईची घागर नळाखाली सरकवून म्हणाली, “तुमच्या गिरणीत म्या येनार न्हाई, बाई. झडपीवर मातर तुम्ही बसत जा. तुम्ही असल्यावर त्येंना हात लावाया जड जातंय.”

मी घागर घेऊन तिच्यापाशीच उभी होते. मला वाटलं, ती आता भरायला सांगेल. इतकी वर्षं गिरणीत, दवाखान्यात, कुठंही, मला पुढं जाऊ द्यायचीच पद्धत होती. तिनं हातानं मागं दाखवलं.

“रांग तिकडनं हाय.”

मी मागं जाऊन उभी राहिले. पुढची बाई थोडी सरकली, मला जागा झाली. ऊन होतं. नंबर यायला वेळ लागला, पण आला. धार मनगटाएवढी होती, अण्णा. घागर भरली तेव्हा उचलायला कुणी हात लावला नाही. मी गुडघ्यावर घेतली, मग कमरेवर, आणि माळ उतरले.

शिवकांता